रिपीटच्या वर्षाला मर्यादा हवी

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा होते, त्याच रात्री क्लासवाल्यांच्या उत्तरतालिका मोबाईलवर फिरू लागतात, आणि निकालाला महिना-सव्वा महिना बाकी असतानाच असंख्य घरांत एक निर्णय होऊन गेलेला असतो: यंदा रिपीट करायचे. बारावी झालेल्या मुलाने किंवा मुलीने कोठेही प्रवेश न घेता पूर्ण एक वर्ष त्याच परीक्षेच्या तयारीला द्यायचे, हा आपल्याकडे घरातल्या घरात घ्यायचा निर्णय समजला जातो. पालकांची ऐपत, मुलाची जिद्द आणि क्लासचा सल्ला एवढ्या आधारावर तो होतो. यश आले तर जिद्दीचे कौतुक होते, न आले तर नशिबाला बोल लावला जातो आणि चर्चा तिथेच थांबते. माझे म्हणणे असे आहे की हे वर्ष आता कोणाचा खासगी मामला राहिलेला नाही. वैद्यकीय प्रवेशाचा तो एक टप्पाच झाला आहे, फक्त कोणत्याही नियमात तो लिहिलेला नाही. ज्याला त्याची किंमत परवडते त्यालाच तो खुला आहे, आणि म्हणूनच प्रयत्नांची मर्यादा ठरवण्यासह त्याचे नियम करणे हे शासनाचे काम आहे.

आधी परीक्षेचे स्वरूप पाहू. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थी नीटला बसले आणि त्यांतले १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत आणि सरकारी महाविद्यालयांच्या वाट्याला त्यांतल्या साधारण निम्म्या येतात. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा ५० पर्सेंटाइलवर, म्हणजे परीक्षा देणाऱ्यांच्या मध्यावर, आखलेली असल्यामुळे त्या वर्षी ७२० पैकी १४४ गुण मिळवणाराही पात्र ठरला. एक पंचमांश गुणांवर मिळालेले हे प्रमाणपत्र घरात आले की ‘पोरगं क्वालिफाय झालं, थोडक्यात सीट हुकली’ असा समज होतो आणि रिपीटचा निर्णय त्या समजावर उभा राहतो. प्रत्यक्षात सरकारी जागेपासून तो विद्यार्थी काही शे गुण दूर असतो. हे त्याला स्पष्टपणे सांगण्याची जबाबदारी कोणावरच नाही, आणि ज्यांना ते सर्वांत चांगले माहीत असते त्यांचा व्यवसाय ते न सांगण्यावर चालतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ही परीक्षा कितीही वेळा देता येते. अभियांत्रिकीच्या जेईई ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी मिळतात. यूपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी सहा आणि इतर मागासवर्गीयांसाठी नऊ प्रयत्नांची अट आहे. नीटला मात्र अशी अट नाही, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ च्या ऑक्टोबरमधील बैठकीत कमाल वयाची मर्यादाही उठवली. वयाची अट काढली ते योग्यच झाले. डॉक्टर व्हायचे हे कोणाला तिशीत सुचले तर त्याला परीक्षेच्या दारातच अडवण्याचे कारण नाही. पण वय आणि प्रयत्न या दोन वेगळ्या बाबी आहेत. तिशीतला मनुष्य एकदा परीक्षा देतो, आणि अठराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत एखादा मुलगा दरवर्षी तीच परीक्षा देत राहतो, या दोन घटनांना एकच नियम लावून आपण मोकळे झालो आहोत.

रिपीट ही अपवादाने घडणारी गोष्ट आहे असे कोणाला वाटत असेल तर तमिळनाडूचा अनुभव पाहावा. नीटचे परिणाम तपासण्यासाठी तिथल्या सरकारने २०२१ मध्ये न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या अहवालानुसार, राज्यातील वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असताना, २०१६-१७ मध्ये, प्रवेश मिळवणाऱ्यांत आधीच्या वर्षी बारावी झालेल्यांचे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. नीट आल्यावर २०२०-२१ मध्ये ते सुमारे ७१ टक्क्यांवर गेले. या समितीचा नीटविरोधी कल लपलेला नव्हता आणि तिच्या शिफारशींशी सहमत होण्याची सक्ती कोणावर नाही. पण हे प्रमाण मतांवर अवलंबून नाही. प्रवेश घेणाऱ्या दहांपैकी सात जण दुसऱ्या किंवा त्यापुढच्या प्रयत्नातले असतील, तर पहिल्याच प्रयत्नात बसणारा, मागे काही आर्थिक बळ नसलेला विद्यार्थी नेमका कोणाशी स्पर्धा करत असतो, हे वेगळे सांगायला नको. तमिळनाडूने सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखून २०२० मध्ये त्यावर आपल्यापुरता उपाय काढला. आपल्याकडे महाराष्ट्रात २०२० मध्येच विभागनिहाय ७०:३० चे सूत्र, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, रद्द झाले आणि त्या बदलावर बरीच रणधुमाळी झाली. परंतु प्रवेश घेणाऱ्यांचा हा कितवा प्रयत्न, हा प्रश्न तेव्हाच्या वादातही कोणी विचारला नाही.

दुसऱ्या प्रयत्नात गुण का वाढतात याला ठोस कारणे आहेत. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याचे बारावीचे वर्ष पाहिले तर जानेवारीपर्यंत अभ्यासक्रम उरकण्याची घाई, त्यानंतर प्रॅक्टिकल, जर्नल, तोंडी परीक्षा, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाचे पेपर आणि मग नीटसाठी उरलेले जेमतेम दोन महिने, असा तो प्रवास असतो. नीटचा पाया केंद्राच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांचा आणि मुलाच्या हातात राज्य मंडळाची पुस्तके, त्यामुळे जीवशास्त्रात तेच प्रकरण दोन वेगवेगळ्या वाक्यरचनांत पाठ करण्याची वेळ त्याच्यावर येते. १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे निम्मे गुण त्या एका विषयाचे. आणि तिथे पुस्तक ओळीओळीने पक्के करायला जो वेळ लागतो तो पहिल्या वर्षी मिळतच नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजीत आलेल्या मुलाचे तर पहिले वर्ष संज्ञा समजून घेण्यातच जाते. अशा मुलाने एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न करणे मला पूर्णपणे समर्थनीय वाटते. बोर्डाचे ओझे उतरलेले असते, वेळ मोकळा असतो आणि पहिल्या वर्षी अपुरी राहिलेली तयारी तेवढ्याने पुरी होऊ शकते.

तिसऱ्या वेळी यांतले काहीच नवीन उरलेले नसते. जीवशास्त्राची पुस्तके तोंडपाठ झालेली असतात आणि तिथे आणखी दहा-पंधरा गुणांपलीकडे वाव राहिलेला नसतो. अडलेले असते ते बहुधा भौतिकशास्त्रात, आणि भौतिकशास्त्रात अडण्याचे मूळ अनेकदा नववी-दहावीच्या गणितात असते. सूत्र पाठ आहे, पण दोन सूत्रे जोडून तिसरी गोष्ट काढायची म्हटले की हात थांबतो. मग अंदाजाने गोळा भरला जातो आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराचा एक गुण वजा होतो. ही उणीव रिपीटर बॅचमध्ये भरून निघत नाही, कारण ती बॅच त्यासाठी बनवलेलीच नसते. तिथे पुन्हा तोच अभ्यासक्रम त्याच वेगाने शिकवला जातो, तीच टेस्ट सिरीज, तीच रविवारची मॉक, तोच रँकचा तक्ता भिंतीवर. दुसऱ्या प्रयत्नानंतर भौतिकशास्त्रात १८० पैकी साठ-सत्तर गुणांवर असलेल्या विद्यार्थ्याला ‘अजून एक वर्ष दे, होऊन जाईल’ असे सांगणे याला मी सल्ला म्हणणार नाही.

शिवाय गुण वाढणे आणि क्रमांक सुधारणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रिपीटचा हिशेब घरात नेहमी गुणांत मांडला जातो. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. परीक्षेत वेळ कमी मिळाल्याबद्दल काहींना दिलेले वाढीव गुण रद्द झाल्यावर आणि भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर सुधारल्यावर ती संख्या १७ वर आली. पुढच्याच वर्षी पेपर असा निघाला की देशात पहिला आलेला विद्यार्थी ६८६ वर थांबला. म्हणजे २०२४ ला पाचशे ऐंशी गुण मिळवून रिपीट केलेल्या मुलाला २०२५ ला पाचशे तीस पडले तरी त्याचा क्रमांक कितीतरी वर गेलेला असू शकतो, आणि हाच प्रकार उलट्या दिशेनेही घडू शकतो. वर्षभराची मेहनत आणि त्या वर्षीचा पेपर यांची अशी सरमिसळ होत असताना आपल्या प्रगतीचा अंदाज विद्यार्थ्याने बांधायचा तरी कसा? २०२४ चा पेपरफुटीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, जुलैच्या अखेरीस परीक्षा रद्द न करण्याचा निर्णय आला, आणि तोपर्यंत त्या वर्षीची लाखो मुले रिपीटच्या वर्गात बसायचे की प्रवेशाची वाट पाहायची या पेचात लटकत होती.

निर्णयाची वेळ हीदेखील एक मोठी अडचण आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. रिपीटर बॅचचे प्रवेश मे-जूनमध्ये सुरू होतात, कारण लवकर येणाऱ्याला फीमध्ये सवलत असते. अखिल भारतीय कोट्याच्या आणि राज्याच्या प्रवेशफेऱ्या मात्र जुलैच्या पुढे सुरू होऊन कित्येक महिने चालतात. आपल्याला दंतवैद्यकाच्या बीडीएसला, आयुर्वेदाच्या बीएएमएसला किंवा फिजिओथेरपीला कोठे जागा मिळते, शेवटच्या फेरीत कटऑफ किती खाली येतो, हे कळण्याच्या बरेच आधी विद्यार्थ्याने क्लासची फी भरलेली, लातूरला किंवा राजस्थानातल्या कोटा शहरात खोली घेतलेली आणि मेस लावलेली असते. त्यामुळे नंतर मिळालेली चांगली जागाही नाकारली जाते. भरलेले पैसे बुडतील ही भीती त्या नकारामागे असते आणि तिला जिद्द असे नाव दिले जाते. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मध्येच क्लास सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळाली पाहिजे. त्या सूचनांना राज्याने कायद्याचे बळ दिल्याखेरीज मराठवाड्यातल्या एखाद्या शेतकरी पालकाला काउंटरवर जाऊन ती फी परत मागता येईल, असे मला वाटत नाही.

त्याच शहरांतल्या चौकांत लागलेल्या फ्लेक्सकडे या दृष्टीने एकदा पाहावे. पन्नास-साठ हसरे चेहरे, प्रत्येकाखाली गुण आणि मिळालेले महाविद्यालय. कोणाचा हा पहिला प्रयत्न, कोणाचा तिसरा, याचा उल्लेख कोठेही नसतो. त्याच फ्लेक्सखालून रोज क्लासला जाणाऱ्या पोरांपैकी ज्यांचे दोन प्रयत्न वाया गेले, त्यांचे पुढे काय झाले, हे लिहिण्याइतकी जागा कोणत्याच फ्लेक्सवर नसते.

या वर्षांची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही हे सगळेच मान्य करतात, पण मान्य करण्यापलीकडे काही होत नाही. कोटा शहरात विद्यार्थ्यांच्या आत्महत्या वाढल्यावर २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतल्या छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश काढला. तेवढ्याने एखादा जीव जरी वाचला असेल तरी त्या आदेशाची थट्टा करू नये. मात्र मुलांना त्या खोल्यांत वर्षानुवर्षे बसवून ठेवणाऱ्या नियमाला हात लावण्याआधी आपण पंख्यांना हात लावला, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. रिपीट करणारा विद्यार्थी कोणत्याही महाविद्यालयाच्या पटावर नसतो. त्याला प्राचार्य नसतो, शिष्यवृत्ती नसते, तक्रार करायला जागा नसते. मित्रांची पहिल्या वर्षाची परीक्षा होऊन जाते आणि हा अजून बारावीच्याच पुस्तकात असतो. परीक्षेला बसणाऱ्यांत मुली निम्म्याहून अधिक असल्या, तरी एका रिपीटनंतर मुलीचा दुसरा रिपीट हा विषय अनेक घरांत निघतच नाही, तिच्या भावासाठी मात्र निघतो. अमर्याद प्रयत्नांची सवलत कागदावर सर्वांना सारखी असली तरी तिचा वापर घराघरांत असा ठरतो.

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि तिथेही बहुसंख्य विद्यार्थी अर्ज करण्यापूर्वी एक किंवा अधिक वर्षे थांबतात. या तुलनेचा आधार घेऊन रिपीटचे समर्थन केले जाते, पण त्या थांबण्यात आणि आपल्या थांबण्यात मुळातला फरक आहे. तिथला विद्यार्थी त्या वर्षात रुग्णवाहिकेवर काम करतो, डॉक्टरच्या शेजारी बसून रुग्णांच्या नोंदी लिहितो, प्रयोगशाळेत हात चालवतो, कारण निवड करणारी समिती त्या कामाकडे पाहते. शिवाय एमकॅट ही त्यांची प्रवेशपरीक्षा आयुष्यात सातपेक्षा अधिक वेळा देता येत नाही. त्या पद्धतीत श्रीमंतांना फायदा नाही असे मुळीच नाही, आणि मुलाखती व शिफारसपत्रे आपल्याकडे आणली तर त्यांचे काय होईल याची कल्पना कोणालाही करता येईल. पण आपल्या व्यवस्थेत थांबलेल्या वर्षाचे मोल केवळ एका संख्येत आहे. रिपीट करणाऱ्या मुलीने आठवड्यातून एक दिवस गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून रुग्ण पाहिले, तर तो दिवस तिच्या गुणांतून वजा होतो. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने दोन-तीन वर्षे रुग्णापासून शक्य तितके लांब राहावे, अशी रचना आपण करून ठेवली आहे आणि तिला गुणवत्ता म्हणतो.

मर्यादेला होणारा सर्वांत गंभीर आक्षेप माझ्याच वरच्या युक्तिवादातून निघतो. पहिले वर्ष ज्याचे भाषेशी झगडण्यात गेले, त्या ग्रामीण मुलालाच जास्त प्रयत्नांची गरज असते. शहरातला मुलगा आठवीपासून फाउंडेशन बॅचला जातो आणि पहिल्या फटक्यात निघून जातो. मग मर्यादेचा फटका नेमका दुबळ्यालाच बसणार नाही का? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणून जेईई ॲडव्हान्स्डसारखी लागोपाठ दोनची अट नीटला लावणे अन्यायाचे ठरेल. परंतु अमर्याद प्रयत्नांचा लाभ दुबळ्याला होतो हे गृहीतकही तपासून पाहिले पाहिजे. चौथे आणि पाचवे वर्ष कमाई न करता बाहेरगावी राहून देणे कोणाला परवडते? ज्याच्या वडिलांनी पहिल्या रिपीटलाच जमिनीचा तुकडा विकला, तो मुलगा दुसऱ्या अपयशानंतर परत जातो आणि आपल्याला कमी जिद्द होती असे समजून बसतो. पुढची वर्षे खेळण्याची सोय ज्याच्याकडे आहे तोच खेळत राहतो, आणि त्याच्या मोठ्या गुणांमुळे कटऑफ वर सरकतो.

माझ्या मते बारावीनंतर तीन प्रयत्न सर्वांना मिळावेत, आणि ते लागोपाठ देण्याची सक्ती नसावी, म्हणजे आजारपण, घरची अडचण किंवा मधली नोकरी यांमुळे कोणाचा हक्क बुडणार नाही. आरक्षित प्रवर्गांना यूपीएससीप्रमाणे अधिक प्रयत्न देता येतील. त्यानंतर ज्याने कोणतीही मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका पूर्ण केली आहे, त्याला नव्याने आणखी दोन प्रयत्न मिळावेत. बीएस्सी नर्सिंग करून काही वर्षे वॉर्डात काम केलेली परिचारिका, लॅब टेक्निशियन किंवा फिजिओथेरपिस्ट पुन्हा नीट देऊ इच्छित असेल तर तिच्यासाठी दार उघडे राहील. बंद होईल तो फक्त हातात काहीच नसताना त्याच खोलीत चौथे वर्ष काढण्याचा मार्ग. मर्यादा असली की क्लासलाही ‘पुढच्या वर्षी बघू’ हे आश्वासन विकता येणार नाही, आणि पालकांनाही तिसऱ्या निकालानंतर नातेवाइकांसमोर कारण शोधावे लागणार नाही. मुलाने हार मानली असे म्हणण्यापेक्षा प्रयत्न संपले असे म्हणणे घरातल्या सगळ्यांनाच सोपे जाते, आणि हा फायदा क्षुल्लक नाही.

मर्यादेबरोबर दोन कामे करावी लागतील. नीटच्या अर्जात बारावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष भरून घेतले जाते, म्हणजे माहिती नीट घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या हाताशी आहे. निकालाच्या पत्रकात ती लिंग, प्रवर्ग, राज्य आणि परीक्षेची भाषा यांनुसार आकडे देते. त्यातच बारावीच्या वर्षानुसार एक तक्ता द्यावा आणि राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी कक्षाने प्रत्यक्ष प्रवेशांसाठी तसाच द्यावा. दुसऱ्या प्रयत्नात किती जणांचा क्रमांक सुधारतो, तिसऱ्यात किती जणांचा घसरतो, हे एकदा छापून आले की फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांचा हिशेब लोक आपोआप लावतील. दुसरे काम परीक्षेच्या वेळापत्रकाचे. इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीने नीट टप्प्याटप्प्याने घेण्याचा पर्याय सुचवला आहे. त्याचा विचार करतानाच एका वर्षात दोन संधी देऊन त्यांतला चांगला निकाल धरता येईल का, हेही पाहावे. एका रविवारच्या तापामुळे किंवा गोळे भरायच्या ओएमआर उत्तरपत्रिकेवर सरकलेल्या एका ओळीमुळे कोणाचे अख्खे वर्ष जाऊ नये.

हा नियम आला तरी तो सध्या अकरावी-बारावीत असलेल्यांना किंवा रिपीटच्या वर्गात बसलेल्यांना लावता येणार नाही. घोषणा झाल्यावर जी मुले दहावीत असतील त्यांच्यापासून तो सुरू व्हावा, आणि तोपर्यंतचे प्रयत्न मोजले जाऊ नयेत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एप्रिलच्या अखेरीस नीट एकाएकी अनिवार्य झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या मुलांनी वर्षभर राज्याच्या सीईटीची तयारी केलेली होती आणि परीक्षा आठवड्यावर आली होती. शेवटी मे महिन्यात केंद्राला अध्यादेश काढून राज्यांना त्या वर्षापुरती सूट द्यावी लागली. तसा गोंधळ पुन्हा नको असेल तर मर्यादेवरची चर्चा परीक्षेच्या हंगामाबाहेर, निवांतपणे आणि प्रयत्ननिहाय आकडे समोर ठेवून आत्ताच सुरू व्हायला हवी.